आखाजीतली कुलपं

परवा टीव्हीवर एक मंत्री सांगत होते की हवामान बिघडत चाललंय, त्याच्याशी लढायला राज्यानं मोठा निधी ठेवलाय, आणि तो ‘जिथे गरज, तिथे’ या न्यायानं वाटला जाणार आहे. मी मेथी निवडत बसले होते. असं हसू आलं की जुडी मांडीवरून खाली घरंगळली. सुनेला वाटलं मला ठसका लागला, ती पाणी घेऊन धावली.

जिथे गरज, तिथे! अहो, गरज बघायला येणारा साहेब कुठल्या आठवड्यात येतो आणि कुणाच्या ओसरीवर चहा पितो, त्यावर गरज कुठे आहे ते ठरतं. हे शहाणपण मला नव्वदच्या दशकात सुरतेजवळच्या डिंडोलीत आलं. माझ्या मोठ्या जावेनं त्याची किंमत भरली, मी नुसती शेजारी उभी होते.

डिंडोली तेव्हा पंचायतीचं गाव होतं. शेतांचे तुकडे पाडून रो-हाउसच्या ओळी उठवलेल्या, आणि त्यात राहणारे सगळे आमचेच खानदेशी. कुणी अमळनेरकडचं, कुणी पारोळ्याचं, कुणी साक्रीचं. पुरुष उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बायका घरी साड्यांचे धागे कापायच्या. आमच्या ओळीतलं शेवटचं घर मोठ्या जावेचं. तिच्या मागच्या भिंतीला लागून उतार, आणि उताराखाली खाडी. उन्हाळ्यात त्या खाडीत कपड्याच्या कारखान्यांचं रंगीत पाणी नुसतं साचून असायचं, आज जांभळं तर उद्या हिरवं. पावसाळा लागला की तेच पाणी उठून घरात यायचं. आधी मोठ्या जावेच्या, मग उरलेल्या ओळीच्या.

माझे मोठे दीर लूमवर उभे असतानाच छातीत कळ येऊन गेले. त्यांच्यामागे तिच्याजवळ एक लेक आणि हे घर, एवढंच उरलं. गावी आमचे मधले दीर होते. शेती त्यांच्या ताब्यात होती आणि जीभही भारी गोड होती. दर पावसाळ्यानंतर त्यांचा निरोप यायचा, वहिनी, बाईमाणसानं परमुलखात एकटं कशाला राहावं, ते पाण्यातलं घर विकून टाका न् आपल्या घरी या. आपल्या घरी म्हणजे कुठे, तर मधल्या जावेच्या चुलीपुढे, तिची भांडी घासायला. घर विकून आलेला पैसा शेतात मुरला असता आणि ही गोठ्याशेजारच्या खोलीत म्हातारी झाली असती. हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण भिंत दर वर्षी थोडी थोडी फुगत होती. आणखी दोन पावसाळे तिनं काढले नसते, हेही दिसत होतं.

म्हणून खाडीला बांध होणार असं कानावर आलं तेव्हा ती पंचायतीच्या मांडवात सगळ्यात पुढे जाऊन बसली.

सभेला सरकारी खात्याचे साहेब आले होते. जीपमधून उतरल्यापासून रुमालानं मान पुसत होते. भाषण मात्र पृथ्वीपासून सुरू केलं. पृथ्वी तापते आहे, समुद्र चढतो आहे, पाऊस वेळ सोडून पडतो आहे, म्हणून सरकारनं पर्यावरणासाठी गांधीनगरहून रक्कम पाठवली आहे. आमच्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाऊस वेळ सोडून पडतो हे आम्हाला सांगायला जीप लागत होती! शेवटी साहेब मुद्द्यावर आले. खाडीला बांध आणि बांधावर झाडं, अशी योजना. पण या खेपेला पैसा एकाच काठापुरता. ज्या काठाला वस्ती जास्त, त्या काठाला बांध. त्यासाठी माणूस येऊन वस्ती मोजणार, उघडी, राहती घरं तेवढी धरणार.

आम्हाला यात ठरवायचं काय आहे तेच कळेना. आमच्या काठाला ओळीमागे ओळी. पलीकडच्या काठाला बाभळी, एक बंद पडलेली वीटभट्टी आणि पांढऱ्या दगडांनी आखलेले रिकामे प्लॉट. तिथे राहत होते ते तितर आणि मुंगूस. मोठी जाऊ घरी येताना वाटेभर हसत होती. तिनं त्या दिवशी दुपारीच मागच्या भिंतीला बोटानं टोचून बघितलं, म्हणाली, आता एवढं वर्ष धर गं बाई.

साहेबांच्या गळ्यात हार घातला तो आमच्या अध्यक्षांनी. हे गृहस्थ आमच्याच मुलखाचे. लूम ठेक्यानं चालवायचे, आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते आणि बारा महिने पांढरी सफारी घालायचे. कुणाच्या मयतीला आले तरी आधी खुर्ची कुठे आहे ते बघायचे. त्यांना पाठीमागे शिव्या घालायच्या आणि समोर भाऊ भाऊ करायचं, ही आमची रीत. मोजणी कधी आहे, हे त्यांना विचारायचं ठरलं, कारण साहेबांशी त्यांचं उठणंबसणं.

तेवढ्यात आखाजी आली.

आता हे आमच्या मुलखाबाहेरच्यांना सांगावं लागतं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खानदेशी माणसाला दिवाळीला घरी नाही गेलं तरी चालतं, आखाजीला गेलंच पाहिजे. पितरांची घागर भरायची असते. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो. पुरुषांना पत्ते कुटायची उघड मुभा असते, आणि ती मुभा आमचे पुरुष देवकार्य असल्यासारखी पाळतात. सगळ्यात मोठी गोष्ट लेकींची. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते, निंबाला झोका बांधतात, आणि ते दिवस तिनं झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. कामाला हात लावायचा नाही. वर्षभर ज्या बाईला कुणी बस म्हणत नाही, तिला त्या दिवसांत कुणी ऊठ म्हणत नाही.

त्या आठवड्यात डिंडोली ओस पडायची. लूमचे शेठ शिव्या देत राहायचे आणि आमची माणसं भुसावळच्या गाडीला लोंबकळत निघायची. ओळीच्या ओळी कुलूपबंद. मागे राहायची ती कुत्री.

मोठ्या जावेच्या लेकीचं त्याच वर्षी लग्न झालं होतं. तिची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला लेकीला आणलं नाही तर सासरचे जन्मभर टोमणे मारतात. जावेनं तरी मला विचारलं, हिला इकडे सुरतेलाच आणू का? मोजणीवाला आला तर घर उघडं असावं. मग तिनंच दाराबाहेर बघितलं. आमच्या त्या ओळीत झोका बांधायला एक झाड नव्हतं. लेक येऊन बसणार कुठे, धाग्यांच्या गाठोड्यावर?

म्हणून ती अध्यक्षांकडे गेली. मी सोबत होते. त्यांनी खुर्चीतून न उठता तिला धीर दिला.

"आखाजीले कोनी मोजणी करस का? तुम्ही बिनघोर जा. मी साहेबशी बोलेल शे."

साहेबांशी बोलणं झालंय म्हणाले, आणि दोघी बिनघोर गेलो. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. आम्हाला मनापासून वाटायचं की आखाजी ही सूर्य उगवण्यासारखी गोष्ट आहे, सरकारलाही ती ठाऊक असणारच. गुजरातच्या सरकारला खानदेशातल्या लेकींच्या झोक्याचं काय पडलंय, हा विचार आमच्या ओळीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही.

गावी लेक झोक्यावर बसली. मोठी जाऊ खाली उभी राहून झोका देत होती, आणि किती तरी वर्षांनी तिच्या तोंडून गाणं ऐकलं. अध्यक्षांचं घरही त्याच गावात, आमच्या आळीला लागून. ते त्या वर्षी आले नव्हते. त्यांची बायको म्हणाली, सुरतेला काम निघालं. आखाजीला काम! मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण आमरस समोर असला की माणसाची अक्कल जरा मंद चालते.

परत आलो तेव्हा ओळीच्या तोंडावरचा पानवाला दात काढत म्हणाला, तुमच्याकडे पाहुणे येऊन गेले. जीप आली होती, साहेब ओळीओळीतून फिरले, कुलपं बघितली आणि गेले. पुढचं त्यानं तेवढ्याच आनंदानं सांगितलं. त्याच आठवड्यात पलीकडच्या काठावर प्लॉटवाल्यानं कुठून तरी मजुरांची बिऱ्हाडं आणून बसवली होती. ताडपत्र्या ठोकल्या, चुली मांडल्या, शेळ्या बांधल्या, दोऱ्यांवर लुगडी वाळत घातली. साहेब तिकडेही गेले. तिकडे वस्ती नांदती होती. साहेबांनी चहा घेतला तो तिथेच, आणि चहा पाजायला आमचे अध्यक्ष हजर होते. त्यांचेही प्लॉट तिथे आहेत, हे पानवाल्यापासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते आम्हालाच. साहेबांची जीप वळली आणि दोन दिवसांत ती बिऱ्हाडं शेळ्यांसकट नाहीशी झाली.

मोठ्या जावेनं घराचं कुलूप काढलं, पिशवी आत ठेवली, आणि ते कुलूप हातात घेऊन बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बायका खात्याच्या कचेरीत गेलो. पुरुषांपैकी कुणी आलं नाही. त्यांची लूमवर पाळी होती, आणि नसती तरी ते आले नसते. आमचे पुरुष लूमपुढे वाघ आणि टेबलापुढे शेळी. साहेबांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, पण ऐकून घेतलं. पंखा पुरेसा फिरत होता म्हणून असेल. मग समजावणीच्या सुरात म्हणाले,

"ज्यां ताळुं होय त्यां वस्ती ना गणाय, बेन."

कुलूप असेल तिथे वस्ती धरत नाहीत. नियम आहे. मी स्वतः दारोदार फिरलो, म्हणाले, एका घरातून पाणीसुद्धा मिळालं नाही. पाणी न मिळाल्याचा त्यांना खरंच राग आलेला दिसला.

मोठी जाऊ कधी परक्या पुरुषाशी मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी पुढे झाली. मोडक्यातोडक्या गुजरातीत, मध्येच आपली भाषा घालत तिनं विचारलं,

"साहेब, दिवाळीला तुम्ही गावाला जाता, घराला कुलूप लावता. मग परत आल्यावर ते घर कुणाचं असतं?"

साहेब हसले. लहान मुलानं काही तरी हुशारीचं विचारल्यावर हसतात, तसे. पुढच्या वाटपात तुमचा काठ नक्की धरू म्हणाले, आणि त्या वेळेला घरं उघडी ठेवा. कधी येणार ते मात्र सांगता येत नाही, कारण आधी कळवलं तर लोक खोटी वस्ती उभी करतात. हे वाक्य त्या माणसानं गंभीरपणे उच्चारलं. मला तेव्हा कळलं की निर्लज्जपणाला अभ्यास लागतो.

आमच्या काठाला अगदीच काही मिळालं नाही असं म्हणून मी सरकारवर अन्याय करणार नाही. बांध पलीकडे, तर झाडं अलीकडे, असं वाटप झालं. दोन्ही काठांना लाभ! पावसाच्या तोंडावर ट्रॅक्टरभर रोपं आली. मांडव पडला. साहेबांनी एक रोप लावलं, अध्यक्षांनी त्याच रोपाला पुन्हा माती लावली, फोटोवाल्याचा रोल अडकला म्हणून ते रोप उपटून परत लावलं. बायकांना पेढे आणि पर्यावरणावर पाठ. ज्या मातीत रोपं लावली ती पहिल्याच पुरात वाहून जाणार, हे सांगायला कुणी गेलं नाही. पेढा तोंडात होता.

आणि पलीकडे खरोखरीचा बांध उठला. दगडी, चांगला उंच. बाभळींचं आणि मुंगसांचं रक्षण झालं.

आजवर खाडी फुगली की निम्मं पाणी पलीकडच्या मोकळ्या रानात पसरायचं. आता तिकडे दगड. पाणी कुणाचं ऐकतं? सगळंच्या सगळं आमच्याकडे वळलं. त्या पावसाळ्यात मोठ्या जावेची मागची भिंत रात्रीतून बसली. आम्ही तिला आणि तिच्या देवांना आमच्या माळ्यावर चढवलं. सकाळी बघतो तर घरातून खाडी वाहत होती, आणि सरकारची रोपं तिच्या चुलीत येऊन अडकली होती. अध्यक्ष बघायला आले. सफारीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. म्हणाले, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. मी तिथे काय बोलले ते इथे लिहीत नाही, छापणाऱ्याला त्रास होईल. पण ते पुन्हा आमच्या ओळीत मतं मागायलासुद्धा आले नाहीत.

मधल्या दिरांचा निरोप पाण्याच्या आधी पोचला म्हणायचं. गिऱ्हाईक बघून ठेवलंय, या. मोठ्या जावेनं चिखल उपसता उपसता निरोप्याला इथून हलणार नाही असं सांगितलं,

"सांग त्यासले, मी आठेच ऱ्हासू. आठेच मरसू."

भिंत आम्ही ओळीतल्या लोकांनीच उभी केली, जुन्या विटांची, वाकडीतिकडी.

पुढची आखाजी आली. माणसं निघायला लागली. मोठी जाऊ दारोदार गेली आणि प्रत्येकाकडून घराची किल्ली मागून घेतली. मी म्हटलं, बाई, काय करताय? म्हणाली, साहेब म्हणाला ना घरं उघडी ठेवा. लोकांनी हसत हसत किल्ल्या दिल्या. काहींनी जाता जाता वेडी म्हटलं. तेही आमचेच लोक, ज्यांना स्वतःच्या घरासाठी चार दिवस पत्ते सोडवत नव्हते. मी राहिले का? नाही. माझ्या सासूची घागर होती, मीही गेले.

मागाहून पानवाल्यानं सांगितलं. रोज पहाटे ती उठायची, ओळीतली सगळी कुलपं काढायची. प्रत्येक दारात सडा टाकायची, रांगोळीच्या दोन रेघा ओढायची, कुणाच्या दोरीवर एखादं लुगडं, कुणाच्या ओट्यावर पाण्यानं भरलेली कळशी. मग आपल्या उंबऱ्यावर बसून जीपची वाट बघायची. सांजेला परत सगळी कुलपं लावायची. पलीकडच्या काठाला लबाडांनी जे एका आठवड्यासाठी भाड्यानं आणलं होतं, ते ही बाई खऱ्या घरांसाठी एकटीनं मांडत होती. जीप आली नाही. त्याच्या पुढच्या आखाजीलाही तिनं तेच केलं, आणि जीप आली नाही. साहेबांची बदली झाली होती. निधी आला होता म्हणे, पण तो दुसऱ्या तालुक्याला गेला, कारण आमच्या खाडीला बांध झाल्याची नोंद होती.

तिसऱ्या वर्षी मी गेले नाही. म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आखाजीच्या दिवशी पहाटे मी बादली घेऊन तिच्या मदतीला निघाले. ओळ सामसूम. एवढ्यात उधन्याकडून एक रिक्षा आली आणि तिच्यातून मोठ्या जावेची लेक उतरली, कडेवर तान्हं पोर. दोन वर्षं आई गावी आली नव्हती, म्हणून दोन वर्षं तिला माहेर नव्हतं. त्या दोन्ही वर्षी गावी काकूच्या दारातल्या झोक्यावर बसली होती, पण तो झोका काही माहेरचा नाही. या वर्षी ती सासरी भांडून, रातच्या गाडीनं इकडे आली होती. हातावरची मेंदी ताजी होती.

मोठी जाऊ चौथ्या की पाचव्या दारात वाकलेली. सांधे धरल्यामुळे तिला एका दमात सरळ होता येत नव्हतं. लेकीला बघून तिनं बादली खाली ठेवली आणि आधी हात लुगड्याला पुसले. म्हणाली, "बस माय, तू बस. आज तू कामले हात नको लावू." आणि इकडेतिकडे बघायला लागली, लेकीला बसवायचं कुठे म्हणून.

लेकीनं पोर माझ्याकडे दिलं. बादली उचलली, पदर खोचला, आणि पुढच्या दाराशी गेली. आई नको नको म्हणत मागे, ही एकेक दार करत पुढे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीनं परक्यांच्या दारात सडा घातला. ओळीच्या टोकापर्यंत गेली, मग मागची ओळही केली. ऊन चढलं तशी हातावरची मेंदी शेणानं काळी झाली. मग दोघी त्या वाकड्या भिंतीच्या घरात उंबऱ्यावर बसल्या आणि मी पोर मांडीवर घेऊन त्यांच्याशेजारी. सगळ्या ओळीची दारं उघडी होती.

दुपारपर्यंत आम्ही रस्त्याकडे बघत होतो. सरकार आलं नाही.